आरागिरणीचे गाव

रेल्वे आली की मुलूख सुधारतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेतील लुईझियाना राज्याच्या बोगालुसा गावाची हकीकत वाचली आणि आम्ही थबकलो.

अमेरिकेच्या दक्षिणेत एकेकाळी लाँगलीफ पाइनचे सुमारे ९ कोटी एकर जंगल होते. सरळसोट, टणक, राळेने भरलेले लाकूड! उत्तरेकडील जंगले सरत आल्यावर भांडवलदारांची नजर इकडे वळली. बफेलो शहरच्या गुडइयर बंधूंनी १९०६ साली बोगालुसा वसवले आणि लाकूड बाहेर नेण्यासाठी रेल्वेमार्ग टाकला. १९०८ पासून चाललेली त्यांची आरागिरणी जगात सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाई.

मुख्य मार्गापासून जंगलात तात्पुरते फाटे टाकत. वाफेच्या यंत्राला जोडलेला तारेचा दोर तोडलेले ओंडके रुळापर्यंत फरफटत आणी. त्या फरफटीत कोवळी रोपेही चिरडली जात. टापू संपला की रूळ उचलून पुढे नेत. मागे उरत नुसती खोडे, मैलोन्‌मैल.

घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, इतकेच काय, गावचा महापौरही कंपनीचाच जनरल मॅनेजर! गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी. ही वाटणी मालकाच्या सोयीचीच होती, हे सांगायला नको.

१९१९ मध्ये कामगारांनी संघटना बांधली. काळ्या कामगारांचे पुढारी होते सोल डेकस. २१ नोव्हेंबरच्या रात्री सशस्त्र जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. डेकस दलदलीत लपून वाचले. दुसऱ्या दिवशी दोन गोरे कामगार हाती बंदुका घेऊन, त्यांना मध्ये घालून, भर रस्त्याने चालत निघाले. त्या काळच्या दक्षिणेत हे दृश्य काय होते, याची वाचकांनी कल्पना करावी. गोरे कामगार पुढारी लेम विल्यम्स यांच्या गॅरेजपर्यंत ते पोहोचले. तेथे कंपनीच्या बाजूच्या टोळीने गोळ्या झाडल्या. विल्यम्ससह चार गोरे कामगार प्राणास मुकले. डेकस निसटले, पण गाव त्यांना कायमचे सोडावे लागले. मारेकऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.

संघटना तेथे मोडली. जंगल त्यानंतर जेमतेम वीस वर्षे पुरले. १९३८ साली तोडायला झाडच राहिले नाही आणि आरागिरणी बंद पडली. कंपनीने पुढे नवी रोपे लावली होती, पण ती कागदाच्या कारखान्यासाठी.