कुरकुरीत फळकाप : घरगुती यंत्रापासून ग्रामीण उद्योगापर्यंत

बंगळुरूच्या बहुतेक जुन्या वस्त्यांमध्ये 'हॉट चिप्स'चे एक तरी दुकान असते. रस्त्याच्या कडेला मोठी कढई, तिच्यात थेट किसणीवरून पडणारे कच्च्या केळ्याचे काप आणि समोर काचेच्या कपाटात रचलेले वेफर्स असे त्याचे स्वरूप असते. अलीकडच्या काळात याच शहरातील अनेक स्वयंपाकघरांत 'एअर फ्रायर' हे यंत्र येऊन बसले आहे आणि तेलाविना, घरच्या घरी सफरचंद, केळे, अननस यांचे कुरकुरीत काप करण्याकडे लोकांचा कल वाढतो आहे. वरवर पाहता हा स्वयंपाकाचा विषय वाटतो. तथापि काप कुरकुरीत का होतो आणि बरणीत ठेवल्यावर तो मऊ का पडतो, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना अन्नप्रक्रिया उद्योगाची मूलतत्त्वे समोर येतात, तसेच फळ उत्पादकाला हंगामात मिळणाऱ्या भावाचा प्रश्नही उभा राहतो.

नावाची फसगत

एअर फ्रायर हे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण या यंत्रात तळण्याची क्रिया घडत नाही. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात हे यंत्र प्रथम बाजारात आणले. वरच्या बाजूस तापणारी तार, तिच्यामागे वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीदार टोपली एवढीच त्याची रचना. थोडक्यात, ही जोरदार वारा खेळवणारी लहान भट्टी होय. तळताना उष्णता तेलामार्फत पदार्थाला मिळते, येथे ती हवेच्या अभिसरणाने मिळते. हवा ही तेलाच्या तुलनेत उष्णतेची फारच मंद वाहक असल्याने कढईत काही मिनिटांत होणाऱ्या कामाला येथे तास-दोन तास लागतात. त्या मोबदल्यात तेल वाचते. तळलेल्या वेफर्सच्या वजनात साधारणतः एक-तृतीयांश भाग तेलाचा असतो, हे लक्षात घेता ही बचत लहान नव्हे.

पाणी जाते कसे?

ताज्या फळाच्या वजनातील मोठा हिस्सा पाण्याचा असतो. केळ्यात तो सुमारे ७५ टक्के, सफरचंद आणि अननसात ८५ टक्क्यांच्या आसपास, तर स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून अधिक असतो. कुरकुरीत कापात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणावे लागते. पृष्ठभागावरील पाणी लवकर उडून जाते. खरी अडचण असते ती आतल्या पाण्याची. ते विसरणाने हळूहळू पृष्ठभागाकडे येते आणि त्यासाठी लागणारा काळ कापाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरच्या कापाला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ चार मिलिमीटरच्या कापाला लागतो, दुप्पट नव्हे. घरी काप करताना बहुतेकांची फसगत येथेच होते. हाताने चिरलेले काही काप जाड, काही पातळ निघतात. पातळ करपतात आणि जाड चिवट राहतात. म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे एकसारखे काप देणारी खाचेची किसणी यंत्राइतकीच महत्त्वाची ठरते.

घाईने तापमान वाढवण्याचाही उपयोग होत नाही. फार गरम हवेत पृष्ठभाग आधी सुकून कडक होतो आणि आतले पाणी कोंडले जाते. शिवाय फळातील साखर तपकिरी पडून कडवट चव येते. कच्च्या केळ्यासारख्या पिष्टमय फळांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर अशा पदार्थांत ॲक्रिलामाइड हे अनिष्ट संयुग तयार होते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळे ८० ते ९० अंशांवर दीड-दोन तास, मधून काप उलटून, ही रीत अधिक सुरक्षित आहे. काप एकावर एक रचू नयेत आणि त्यांच्यावर एखादी जाळी ठेवावी. अन्यथा वाळून हलके झालेले काप पंख्याच्या झोताने उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटतात. सफरचंद चिरताच काळे पडते ते त्यातील विकरांचा हवेतील प्राणवायूशी संबंध आल्याने. काप काही मिनिटे लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवून, नंतर कापडाने नीट टिपून घेतल्यास ही क्रिया मंदावते.

यंत्रातून काढलेला काप बहुधा मऊ लागतो आणि तो बिघडला असे समजून पुन्हा तापवला जातो. वस्तुतः कुरकुरीतपणा येतो तो थंड झाल्यावर. वाळलेल्या फळातील साखर व पिष्ट गरम असताना लवचिक असतात आणि एका ठराविक तापमानाखाली ते काचेसारखे कठीण व ठिसूळ होतात. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पूर्णतः कोरड्या उसाच्या साखरेसाठी ते सुमारे ६२ अंश, ग्लुकोजसाठी ३१ अंश, तर फ्रुक्टोजसाठी केवळ पाच अंशांच्या जवळपास आहे. पाण्याचा अल्प अंशही ते आणखी खाली खेचतो.

पिकलेल्या केळ्याचे काप चिकट होतात आणि कच्च्या केळ्याचे वेफर्स खुसखुशीत राहतात, याचे कारण या आकड्यांत दडलेले आहे. कच्च्या केळ्यात वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक स्टार्च असतो. फळ पिकताना त्याचे साखरेत रूपांतर होऊन तो एक-दोन टक्क्यांवर येतो. स्टार्चची काच-अवस्था कितीतरी वरच्या तापमानापर्यंत टिकते. कोकणातील गृहिणी तळलेल्या गऱ्यांसाठी काप्या फणस निवडते, तोही पूर्ण वाढलेला पण न पिकलेला. आणि पिकलेल्या बरक्या फणसाची मात्र पोळी घालते. काच-संक्रमणाचे शास्त्र मांडले जाण्याच्या कितीतरी आधीपासून हा भेद आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक होता.

फळ येते तेव्हा ऊन जाते

फणसाचा उल्लेख आला आहे तर बंगळुरूच्या परिसराकडे वळणे उचित ठरेल. बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील दोड्डबळ्ळापूर तालुक्यात तूबगेरे हा भाग फणसासाठी प्रसिद्ध आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या साहाय्याने तेथील फणस उत्पादक संघटित झाले. शेजारच्या तुमकुरू जिल्ह्यातील चेळूर येथे एका शेतकऱ्याच्या बागेत तांबूस गऱ्यांचे, आकाराने लहान फळ देणारे झाड आढळले. त्यावरून हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'सिद्धू' हा वाण पुढे आणला. महाराष्ट्रात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण प्रॉलिफिक' हा वाण याच फळाचा.

या सर्व भागांची अडचण समान आहे. फणस भरात येतो तो एप्रिल ते जुलै या काळात. बंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांतच वळवाच्या सरी कोसळू लागतात आणि जूनच्या आरंभी मोसमी पाऊस येतो. कोकणात मृगाच्या आधी फणसपोळी वाळली नाही तर ती बुरशीने जाते. ज्या दिवसांत फळ सर्वाधिक स्वस्त असते, नेमक्या त्याच दिवसांत फुकटचे ऊन विश्वासाचे राहत नाही. तासगावच्या द्राक्ष उत्पादकाची स्थिती याहून बरी आहे. त्याची द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोरड्या हवेत येतात आणि रॅकवर सावलीत पसरून त्यांचे बेदाणे होतात. फणसाला ही सोय निसर्गाने दिलेली नाही.

नाशाचे प्रमाण किती असते? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात काढणीपश्चात फळांचा नाश, फळागणिक, ६.७० ते १५.८८ टक्के होता. २०२२ च्या नॅबकॉन्सच्या अभ्यासात तो ६.०२ ते १५.०५ टक्के आढळला. सात वर्षांत झालेली ही घट फारशी समाधानकारक म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा वरचे टोक पेरूचे होते.

घरगुती यंत्राचा हिशेब

मग ग्रामीण बचत गटांनी एअर फ्रायर घ्यावेत काय? एक साधा हिशेब करून पाहू. अर्धा किलो सफरचंदाच्या फोडींत सुमारे ४२५ ग्रॅम पाणी असते. त्यातून पाच टक्के ओलाव्याचे काप करावयाचे तर जवळपास ४२० ग्रॅम पाणी उडवावे लागेल आणि हाती सुमारे ८० ग्रॅम काप येतील. पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा किलोमागे २,२५७ किलोज्यूल आहे. त्यानुसार किमान ९५० किलोज्यूल, म्हणजे पाव युनिटाहून किंचित अधिक वीज पुरावी. प्रत्यक्षात टोपलीत एका थरात पाव किलोच फोडी मावतात, म्हणून दोन खेपा कराव्या लागतात. यंत्र १,५०० वॅटचे असून तार निम्मा वेळ तापते असे धरले, तर दोन तासांच्या एका खेपेस दीड युनिट आणि एकूण तीन युनिट वीज खर्च होते. कामी आली ती तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. उरलेली उष्णता गरम हवेबरोबर स्वयंपाकघरात जाते. घरी मुलांसाठी मूठभर काप करावयाचे असतील तर हा खर्च मानवेल. विक्रीसाठी मात्र तो परवडणारा नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

विक्रीच्या दृष्टीने अन्य मार्ग आहेत. हेसरघट्टा येथील संस्थेने विकसित केलेली परासरणाधारित निर्जलीकरणाची पद्धत त्यांपैकी एक होय. फळाच्या फोडी साखरेच्या घट्ट पाकात ठेवल्या जातात, पाकाच्या ओढीने त्यांतील बरेच पाणी न तापवता बाहेर येते आणि उरलेले वाळवणी यंत्रात काढले जाते. उष्णता कमी लागते आणि रंग-स्वाद टिकतो. मात्र पाकातील काही साखर फळात शिरते आणि तयार होणारी फोड चिवट-मऊ असते, कुरकुरीत नव्हे. सौर वाळवणी यंत्रे हा दुसरा मार्ग. महाराष्ट्रातील 'एस४एस टेक्नॉलॉजीज' या उपक्रमाला अशाच यंत्रांच्या साहाय्याने महिलांना प्रक्रियेत आणल्याबद्दल २०२३ चे अर्थशॉट पारितोषिक लाभले. ढगाळ दिवसांत मात्र सौर यंत्रालाही पूरक उष्णता द्यावी लागते.

फणसाच्या कुरकुरीत कापांसाठी अधिक उपयुक्त ठरते ती निर्वात तळणी. तिचे तत्त्व समजण्यास बंगळुरूचेच उदाहरण सोयीचे आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळते. दाब याहून पुष्कळ उतरवून वातावरणाच्या एक-दशांशावर आणला तर उत्कलनांक ४६ अंशांपर्यंत घसरतो. बंद पात्रातील हवा पंपाने काढून ही स्थिती निर्माण केली की १७०-१८० अंशांच्या कढईऐवजी १०० अंशांच्या आसपासच्या तेलातही फळातील पाणी झपाट्याने उकळून निघून जाते. साखर करपत नाही, गऱ्याचा पिवळा रंग राहतो आणि कच्च्याच नव्हे तर पिकलेल्या फळाचेही काप करता येतात. दाब पूर्ववत करताना तेल कापाच्या छिद्रांत ओढले जाते, म्हणून त्याआधीच काप वेगाने फिरवून तेल झटकून टाकावे लागते. हे यंत्र महाग असते. एका कुटुंबाला ते झेपणारे नाही. उत्पादक संघाला किंवा गटाला झेपू शकते. त्या दृष्टीने २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना अभ्यासण्याजोगी आहे. पाच वर्षांसाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद, 'एक जिल्हा एक उत्पादन' हे सूत्र, वैयक्तिक उद्योगास प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के व कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदान, आणि बचत गटातील सदस्यास ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तिची आखणी करण्यात आली.

पिशवीतील लढाई

काप तयार झाला तरी काम संपत नाही. अन्नातील सूक्ष्मजीवांना वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचे मोजमाप म्हणजे जलक्रियता. शुद्ध पाण्याची ती १ मानली जाते. ती ०.६ च्या खाली गेल्यास बुरशीही वाढू शकत नाही. परंतु कुरकुरीतपणा याच्या बराच आधी, ०.४ ते ०.५ च्या आसपास, हरपतो. दुसऱ्या शब्दांत, मऊ पडलेला काप खाण्यास सुरक्षित असू शकतो, विकला मात्र जात नाही. पावसाळ्यात बंगळुरूच्या सकाळी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत उघडा ठेवलेला काप अर्ध्या तासातच ओलावा शोषू लागतो. म्हणून घरी काप पूर्ण थंड होताच घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावेत. गरम भरल्यास त्यांचीच वाफ आत साचते. उद्योगात धातूचा मुलामा दिलेल्या बहुस्तरीय पिशव्या वापरतात आणि तळलेल्या कापांसाठी त्यांत नायट्रोजन भरतात, ज्यामुळे तेलाला खवट वास येत नाही. उत्पादकाने अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना घेणे बंधनकारक आहे.

एवढे सारे जमले तरी फणसाच्या बाबतीत एक काम यंत्राच्या आधीच येते. जड फळ फोडणे, चिकाला आवरण्यासाठी हातांना व विळीला खोबरेल तेल चोपडणे, चारखंडांतून गरे सोडवणे आणि प्रत्येक गऱ्यातील आठळी काढणे. फळाच्या वजनात गऱ्यांचा वाटा जेमतेम एक-तृतीयांश असतो. उर्वरित भाग साल, पाती, पाव आणि आठळ्यांचा. कढई कोणतीही असो, हे काम मुख्यतः स्त्रियांच्या हातांवरच चालते. काप किती रुपये किलोने विकावा याचा हिशेब मांडताना पुष्कळदा वीज, तेल आणि पिशवी धरली जाते, आणि या हातांची मजुरी तेवढी वहीत उतरत नाही.