मांडीवरची गिटार

मुलगी गिटार शिकायची म्हणाली तेव्हा पहिला आक्षेप तिच्या अज्जांचा. "पडद्यांनी सूर तोडलेलं वाद्य ते, त्यात मींड कुठली?" भीमसेनजींच्या मैफली ऐकलेला माणूस, मी काय बोलणार! गुपचूप १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली.

त्यातलं शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी सर्वांना आठवते. गिटार वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा मात्र आपण विसरतो. (आणि तबल्यावरचे माणिकराव पोपटकरसुद्धा!) जोधपूरचे काब्रा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पडद्यांवर बोटं दाबण्याऐवजी तारेवरून पोलादी कांडी सरकवली. मग सूर गळ्यातल्यासारखा एकसंध वाहतो. मींड हवी तेवढी घ्या. पुढे त्यांनी शिष्यही घडवले. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य त्यांच्याकडेच शिकले. २०१८ साली काब्रा गेले.

अहिर भैरव सुरू झाला तसे अप्पांनी डोळे मिटले. संपल्यावर एवढंच म्हणाले, "इन्नोम्मे हाकवा."

मी पुन्हा लावली. मुलीचा प्रश्न तयारच होता : "आई, आपल्या गावात अशी मांडीवरची गिटार शिकवतं कोण?"

अजून शोधतेय.