बागेची रोजकीर्द

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ हा आकडा कोरलेला आहे. म्हणजे इ. स. १०६०. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळात मंदिर पूर्ण झाले, हे आपण त्या आकड्यामुळे खात्रीने सांगू शकतो. मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर मी राहतो. तळमजल्याचे घर, मागे आठ बाय बारा फुटांची पट्टी, एक पारिजातक, एक लिंबू आणि वीसेक कुंड्या. या एवढ्याशा जागेची वही मी गेली अनेक वर्षे ठेवतो आहे, आणि वही ठेवताना माझ्याकडून जी मोठी चूक झाली ती त्या आकड्याशीच संबंधित आहे.

वनस्पतिशास्त्र मी शिकलेलो नाही. एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेले. त्यामुळे बागेची वहीही हिशेबाच्या पद्धतीनेच आखली. एक रोजकीर्द आणि एक खतावणी. रोजकीर्दीत जे दिसेल ते तारखेनुसार एका ओळीत: ‘लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या, पाच.’ महिन्याच्या शेवटी त्या ओळी खतावणीत उतरवायच्या. तिथे प्रत्येक झाडाचे वेगळे पान. (बागेच्या वहीला खतावणी म्हणण्यात खताचा विनोद आहेच, तो मी घरच्यांना पुरेसा ऐकवलेला आहे.) नुसती रोजकीर्द ठेवणारे पुष्कळ भेटतात. वर्षाने त्यांना ‘मोगऱ्याला कळ्या कधी आल्या होत्या?’ असे विचारले, तर साडेतीनशे पाने उलटावी लागतात.

इंग्लंडमधील सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइटने १७५१ मध्ये अशीच बागेची वही सुरू केली. काकडी-टरबुजाची पेरणी, खताचे वाफे, असल्या साध्या नोंदी. सेलबोर्नच्या निसर्गेतिहासावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक आले १७८९ मध्ये. मधली अडतीस वर्षे तो माणूस लिहीत होता.

आता चुकीबद्दल. माझी आई तिथीने जगायची आणि तिथीनेच लिहायची. मीही तिचेच वळण उचलले. खतावणीत पारिजातकाच्या पानावर २०२२ चे पहिले फूल नागपंचमीनंतर आठवड्याने पडलेले होते. २०२३ चे पहिले फूल मात्र निज श्रावण लागण्याच्याही आधी. मी चमकलो. पारिजातक अलीकडे लवकर फुलू लागला, हवामान बदलले, असे एक टिपणही लिहून काढले. पाठवण्याआधी सहज इंग्रजी तारखा लावल्या. २०२२ मध्ये ९ ऑगस्ट, २०२३ मध्ये ६ ऑगस्ट. फरक तीन दिवसांचा! झाड जागच्या जागी होते, सरकला होता श्रावण. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यामुळे नागपंचमी २ ऑगस्टवरून थेट २१ ऑगस्टला गेली होती. टिपण फाडले.

चांद्र महिने सौर वर्षाच्या मागे पडत जातात आणि अधिक मास त्यांना पुन्हा जागेवर आणतो. त्यामुळे तीच तिथी वर्षावर्षाला जवळजवळ महिन्याच्या पट्ट्यात हलते. झाड मात्र ऊन, पाऊस आणि दिवसाची लांबी यांना उत्तर देते, ती सगळी सूर्याच्या हिशेबाने चालतात. याचा अर्थ आपली जुनी पद्धत चुकीची, असा कुणी काढू नये. पावसाची नक्षत्रे सूर्यावरच बेतलेली आहेत. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. ही तारीख एक दिवस सरकायला सुमारे बहात्तर वर्षे लागतात. ‘मृगात पेरले’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याची नोंद दुसऱ्या वर्षाशी ताडून बघता येते, ‘श्रावणात फुलले’ या माझ्या नोंदीची येत नाही. आता मी तारीख, वर्ष आणि पावसाळ्यात नक्षत्र, तिन्ही लिहितो. तिथी आईसाठी कंसात.

दुसरा धडा कढीपत्त्याने दिला. तीन रोपे मेली. जवळून वालधुनी वाहते, तिची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. दोष मी नदीच्या वासाला आणि हवेला देऊन मोकळा झालो होतो. खतावणीच्या पानावर तिन्ही मृत्यू एकाखाली एक आले तेव्हा दिसले की तिन्ही जुलैतले, आणि प्रत्येकाच्या आधी आठ-दहा दिवस सलग पाऊस. कुंड्या उलट्या केल्या. तळाची भोके मीच ठेवलेल्या कौलाच्या तुकड्यांनी आणि मुळांनी बुजलेली होती. मुळे पाण्यात कुजली होती. हवा असेल वाईट, पण ही रोपे मी मारली.

हे कळले ते पाऊस मोजत असल्यामुळे. पर्जन्यमापक विकत घ्यावा लागत नाही. सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली खांद्यापाशी कापून वरचा भाग उलटा, नरसाळ्यासारखा बसवावा. बूड सपाट नसते, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरून शून्याची रेघ मारावी आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. छपरापासून दूर, उघड्यावर ठेवावी. हवामान खाते सकाळी साडेआठला मोजते, आपणही तीच वेळ धरावी.

लिहिण्यासाठी पेन्सिल. हे मी सांगतो ते २६ जुलै २००५ मुळे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमच्या घरात मांडीपर्यंत पाणी आले आणि खालच्या फळीवरच्या वह्या भिजल्या. शाईपेनने लिहिलेली माझी तोवरची पाने निळी झाली. आईची वही वाळवल्यावर वाचता आली. तिने वाण्याचा हिशेब आणि झाडे एकाच शिसपेन्सिलने लिहिली होती.

त्या वहीत तिथ्या आहेत, वर्षे नाहीत. आई गेल्यानंतर मी ती पाने लावायला बसलो. एका ठिकाणी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण असल्याची नोंद आहे. म्हणजे २४ ऑक्टोबर १९९५. त्यावरून आधीची काही पाने लागली. त्यांत ‘श्रावण शु. दशमी, पारिजातक सुरू’ अशी ओळ निघाली. ती तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. माझ्याही नोंदी त्याच सुमाराच्या आहेत, पण तिचे झाड वेगळे होते आणि एका वर्षावरून काही ठरत नाही. त्या पानावर मी एवढेच लिहून ठेवले आहे.

मागच्या महिन्यात आणखी एक पान लागले. वर ‘अधिक भाद्रपद’ लिहिलेले. तो १९७४, १९९३ आणि २०१२ मध्ये आला होता. १९७४ मध्ये आम्ही अंबरनाथला आलेलो नव्हतो, आणि पानावर २००५ च्या पुराचा डाग आहे, म्हणजे २०१२ नव्हे. म्हणून १९९३. साखर आणि रॉकेलच्या हिशेबाखाली तिची एक ओळ आहे: ‘कढीपत्ता गेला. पाणी साचले होते.’