लाटेचा श्वास



सर्वणहून समुद्र दिसत नाही. तरीही ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी लाटेची शक्ती मला प्रथम समजावली ती लोहाराच्या भात्याच्या दृष्टान्ताने. गोव्याची बहुतांश वीज आजही राज्याबाहेरून येते. म्हणून तोच दृष्टान्त आज पुढे नेतो.

किनाऱ्यालगत, पाण्याखाली तोंड उघडे असलेली काँक्रीटची प्रचंड पेटी उभारावी. लाट चढली की आतील पाणी हवेला बाहेर रेटते. ओसरली की हवा आत ओढली जाते. या वाऱ्यावर चक्र फिरवून वीज निर्माण करता येते. अडचण एवढीच, की वारा सतत दिशा बदलतो. आपल्या खाजन शेतांतील मानशीची दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. पाण्याला एकाच दिशेने वाट मिळते. तशी झडप येथेही बसवता येईल. पण दर आठ-दहा सेकंदांनी आपटणारी, खाऱ्या हवेत गंजणारी झडप किती काळ टिकणार? बेलफास्टचे प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात सममित पात्यांचे चक्र योजून झडपेची गरजच संपवली. वारा आत जावो वा बाहेर येवो, हे चक्र एकाच दिशेने फिरते. मात्र वारा फार जोराचा झाला, तर पात्यांवरील प्रवाह विस्कटतो आणि चक्राची शक्ती घटते.

मद्रासच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी याच तत्त्वावर केरळातील विळिंजम येथे १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्र उभारले. ते १९९१ मध्ये सुरू झाले. आज ते बंद आहे.

अशा केंद्राचे खरे कोडे हिशेबात आहे. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच कालावधीच्या दोन लाटांपैकी दोन मीटर उंचीची लाट अर्ध्या मीटरच्या लाटेपेक्षा सोळा पट शक्ती वाहते. आषाढात खवळणारा आपला समुद्र माघात शांत असतो. बांधकाम आषाढाचा तडाखा सोसेल इतके भक्कम हवे, त्याचा खर्च मात्र माघातही वसूल व्हायला हवा. मोठे चक्र माघात सुस्तावते, लहान चक्र आषाढात गुदमरते.

विद्यार्थिदशेत प्रतिकृतीवर मिळालेला सर्वांत मोठा आकडा घेऊन मी अभिमानाने गुरुजींकडे आलो होतो. ते एवढेच म्हणाले, “भाता एकदा किती जोरात फुंकतो, हे लोहार पाहत नाही. दिवसभर निखारा फुललेला राहतो का, ते पाहतो.”

कार्यक्षमतेची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही.