चढ तर पुढेच आहे!

शंकरपटाचा बैल आणि कापसाच्या बंडीचा बैल यांची चाल एक नसते, हे आमच्या वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असते. तळेगाव दशासरचा शंकरपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. झेंडी पडली की जोडी उधळते आणि आपण पापणी लववतो न लववतो तोच निकाल लागलेला असतो. तिथे राखून ठेवण्यासारखे काही नसते. बैलाने आपल्या अंगातले सगळे त्या काही सेकंदांत ओतायचे. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने हे पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी झाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बंडीच्या बैलाचे मात्र तसे नाही. त्याला रात्रभर चालायचे असते आणि पहाटे बाजारात उभे राहण्याइतके बळ अंगात उरवायचे असते.

आता कोणी म्हणेल, मराठीचा प्राध्यापक दिवाळी अंकात बैलांच्या गोष्टी का सांगत बसला आहे? त्याचे कारण माझा भाचा. तो अमरावतीला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या शरीराचा छळ करतो. या छळाला ट्रायथ्लॉन असे नाव आहे. आधी पोहायचे, ओल्या अंगानेच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की धावत सुटायचे. मध्ये विश्रांती नाही, घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २००० सालापासून आहे. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. तज्ज्ञ मंडळी याला ‘आखूड’ शर्यत म्हणतात! हे ऐकून माझ्या बहिणीने कपाळावर हात मारून घेतला होता.

लांब शर्यतीची कथा निराळीच आहे. पोहणारा काटक, सायकलवाला काटक की धावणारा काटक, असा वाद हवाईत काही हौशी मंडळींत निघाला आणि त्याचा निकाल लावायला १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण समुद्रात उतरले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. बारा जण शेवटपर्यंत पोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. त्या शर्यतीचे नाव ‘आयर्नमॅन’ पडले, आणि तिची निम्मी आवृत्ती – १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर – २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम झाली.

आखूड शर्यतीत चार-पाच बक्षिसे मिळवलेल्या आमच्या चिरंजीवांना वाटले, आता गोवा. बहीण म्हणाली, “तू त्याच्याबरोबर जा.” म्हणून एके वर्षी मीही मिरामारच्या वाळूत पिशवी, टॉवेल आणि संत्री घेऊन उभा राहिलो.

भाचा पाण्यातून ४८ मिनिटांनी बाहेर आला. सायकलवर तर तो वाऱ्यासारखा गेला. ताशी ३० किलोमीटरने जायचे असे घरी ठरले होते. हा गेला ३३ ने. दोन तास चव्वेचाळीस मिनिटांत ९० किलोमीटर संपवून आला, तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून आली. “मामा, आज पाय फार छान चालताहेत!” असे ओरडून तो धावत सुटला. आठ किलोमीटरपर्यंत छान चालले. मग ऊन चढले, पोटऱ्यांत गोळे आले, पोटात काही ठरेना. पुढची तेरा किलोमीटर तो चालला. माझ्या समोरून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही. सहा तास त्रेचाळीस मिनिटांनी त्याने रेघ ओलांडली, वाळूवर बसला आणि म्हणाला, “मामा, हे माझं काम नाही. मी सायकल विकतो.”

परतीच्या प्रवासात मी कागदावर हिशेब मांडला. प्राध्यापकाला दुसरे काय येते? ताशी ३० ऐवजी ३३ ने गेल्यामुळे त्याने सोळा मिनिटे मिळवली. धावताना किलोमीटरला सहा मिनिटे लागायची, चालताना दहा लागली; तेरा किलोमीटरांत बावन्न मिनिटे गेली. सोळा कमावले आणि बावन्न गमावले! असा व्यापार आमच्या गावातला कोणताही दुकानदार करणार नाही.

बरे, ते सोळा मिनिटांचे दामही फार महाग पडले होते. हवा सायकलीला अडवते, आणि त्या अडवणुकीचा हिशेब सरळ नसतो. वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर हवेशी झगडण्यासाठी लागणारा जोर दहा टक्क्यांनी वाढत नाही, सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. भाच्याने थोडासा वेग विकत घेतला आणि किंमत मोजली पायांच्या शिलकीतून.

या शिलकीबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्या शरीरात इंधनाच्या दोन कोठ्या असतात. एक साखरेची, दुसरी चरबीची. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखर साधारण अर्धा किलो साठते. तिच्यातून दोनेक हजार कॅलरी मिळतात. चरबीची कोठी मात्र सडपातळ माणसाचीही दिवसेंदिवस पुरेल एवढी असते. शरीराची रीत अशी की, सावकाश चालले असताना ते चरबी अधिक वापरते, आणि जोर वाढला की साखरेच्या कोठीत हात घालते. दोन-सव्वादोन तासांच्या शर्यतीत ही कोठी रिकामी होण्याआधीच शर्यत संपते. म्हणून आखूड शर्यतीतल्या माणसाला उधळपट्टीची शिक्षा मिळत नाही आणि ती आपल्या अंगवळणी पडली आहे हेही त्याला कळत नाही. सहा तासांच्या शर्यतीत हीच सवय अंगाशी येते. वाटेत खाऊन भरपाई करावी म्हटले, तर पोट तासाला साठ ते नव्वद ग्रॅम साखरच पचवू शकते, तेही सवय केली असेल तर. फार जोरात चाललेल्या माणसाचे रक्त पायांकडे आणि ऊन लागलेल्या कातडीकडे धावते. पोटाच्या वाट्याला उरत नाही. भाच्याच्या पोटात काही ठरत नव्हते ते याचमुळे.

तिवशाला आल्यावर हा सगळा वृत्तान्त मी माझ्या वडिलांना सांगितला. बाबांचे वय ऐंशीच्या पुढचे. त्यांनी डोळे मिटून सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “निंगतानीच बैलाले मारलं काय रे त्यानं?”

त्या एका वाक्यासरशी मला माझे लहानपण आठवले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. थंडीचे दिवस, बंडीत कापूस खच्चून भरलेला, आणि रात्री जेवणे आटोपून आम्ही निघालो होतो. बैल ताजेतवाने होते. बाबांनी हौस म्हणून कासरा माझ्या हाती दिला, तर मी लगेच तुतारी टोचली. बैल पळू लागले. बाबांनी शांतपणे तुतारी काढून घेतली. म्हणाले, “आता कायले पयवतं? चढ त पुढंच हाय.” तेवढ्यात मागून एक बंडी घुंगरे वाजवीत आली आणि आम्हाला टाकून पुढे गेली. मला रडूच कोसळले. बाबा विडी ओढत राहिले. पहाटे चढाला लागलो तेव्हा तीच बंडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिचा एक बैल बसला होता आणि धुरकरी त्याचे शेपूट पिळत होता. बाबांनी आपली बंडी वर नेऊन लावली, बैल सोडले, खाली आणले आणि त्या माणसाची बंडी चढावरून ओढून दिली. त्याला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. मलाही नाही.

पुढच्या रविवारी भाचा अमरावतीहून आला, तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणून मी त्याला जगातल्या मोठमोठ्या बंड्या चढावर कशा बसल्या ते ऐकवले. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईत ज्युली मॉस ही कॉलेजातली मुलगी सर्वांच्या पुढे होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पायच गेले, ती पुन्हा पुन्हा पडली आणि अखेर रांगत रेघेपाशी पोचली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून गेली होती. दोघींत अंतर अवघे २९ सेकंदांचे. ही तर नवखी होती. पण सात वेळा तीच शर्यत जिंकलेली पॉला न्यूबी-फ्रेझर १९९५ साली घाईत खाण्यापिण्याच्या जागा टाळत गेली आणि शेवट हाकेच्या अंतरावर असताना कोसळली. कितीतरी वेळ ती रस्त्यावर पडून होती. मग उठून चालत चौथी आली. उलट मार्क ॲलन पाहा. डेव्ह स्कॉटपुढे वर्षानुवर्षे हरलेला हा गडी १९८९ मध्ये जवळजवळ आठ तास त्याच्या खांद्याला खांदा लावून चालला, आणि शेवटचा चढ येईपर्यंत त्याने आपला डाव उघड केला नाही. जिंकला तो ५८ सेकंदांनी.

मग आम्ही दोघांनी मिळून पुढच्या वर्षाचा बेत आखला. तो इथे देतो, कारण ज्याला आखुडातून लांबात जायचे आहे त्या कोणत्याही तरुणाला तो उपयोगी पडेल.

पोहताना पहिली दोनशे मीटर मुद्दाम सावकाश. गर्दीत सगळेच हातपाय झाडतात. आपण झाडू नयेत. सायकलवर, एक तासभर जेमतेम टिकेल असा जोर शंभर धरला, तर ४० किलोमीटरच्या शर्यतीत नव्वदच्या वर जाता येते. ९० किलोमीटरला ऐंशीच्या आसपास राहावे आणि १८० ला सत्तरच्या. जोर मोजणारे यंत्र सायकलीला बसवता येते. ते नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येते की नाही हे पाहावे. चढावर उभे राहून जोर मारू नये. असे दहा झटके बाजूला काढून ठेवले तर धावण्याच्या शेवटच्या पाच किलोमीटरांना पुरतात. भूक लागायच्या आधीपासून थोडेथोडे खावे. पाणी तहानेने प्यावे, त्यात मीठ असावे. नुसतेच पाणी पोटभर ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, आणि तो धोका उन्हाइतकाच मोठा आहे. उन्हात तोच वेग राखला तरी हृदयाचे ठोके वाढत जातात. तेव्हा वेगाचा हट्ट सोडावा. धावण्याची पहिली तीन किलोमीटर इतकी सोपी वाटली पाहिजेत की आपलीच आपल्याला लाज वाटावी.

“हेच कठीण आहे, मामा,” भाचा म्हणाला. “लोक पुढे जातात ना!”

खरे आहे. मागे पडणे सोसणे हीच या शर्यतीतली खरी मेहनत आहे. परंतु ती आपल्याला परकी नाही. आमच्याच तालुक्यातल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी महिन्याहून अधिक काळ चालत पंढरपूर गाठते. पहिल्या दिवशी कोणी वारकरी पळत नाही; मुक्कामाचे गाव ठरलेले असते आणि उद्याचे पाय आज कोणी वापरत नाही. २०१५ साली झुरिकला मिलिंद सोमण याने पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरा केला. हा एके काळचा राष्ट्रीय विजेता जलतरणपटू. त्याची मूळ शर्यत मिनिटांत संपणारी होती. पण दिवसभराच्या वाटेला लागल्यावर त्याने दिवसभराचीच चाल धरली. आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर एकट्याने सायकल चालवून बारा दिवसांच्या मुदतीत पोचले. तिथे पहिल्या दिवशी शंकरपट खेळून कसे चालेल?

पुढच्या वर्षी मी पुन्हा मिरामारला गेलो. भाचा पाण्यातून ५० मिनिटांनी आला; दोन मिनिटे उशिराच. सायकलवर त्याच्या शेजारून माणसांमागून माणसे पुढे गेली. बरोबर तीन तासांनी तो परतला. त्याचा चेहरा पडलेला होता, पण पाय ताजे दिसत होते. धावायला निघताना तो काहीच ओरडला नाही. पंधराव्या किलोमीटरच्या सुमारास तो माझ्यासमोरून गेला तेव्हा रस्ता चालणाऱ्या माणसांनी भरला होता. सायकलवर त्याला टाकून गेलेले कित्येक जण त्यांत होते. त्यांतला एक तर फुटपाथवर बसून पोटरी चोळत होता. भाचा त्याच्यापाशी क्षणभर थांबला, कमरेच्या पट्ट्यातली मिठाची पुडी त्याच्या हाती दिली आणि पुन्हा धावू लागला. माझे डोळे भरून आले ते त्या पुडीमुळे. त्याला बंडीची गोष्ट अर्धीच कळली असेल अशी माझी समजूत होती.

सहा तास नऊ मिनिटे. आदल्या वर्षापेक्षा चौतीस मिनिटे कमी, आणि तीही सायकल हळू चालवून!

तिथूनच मी घरी फोन लावला. बाबांना ऐकू कमी येते, म्हणून ओरडून आकडे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांचा आवाज आला, “बैल बसला नाही ना?”

“नाही, बाबा.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि फोन माझ्या बहिणीकडे दिला.