सैनिक म्हणजे सालगडी नव्हे!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षभर मालकाच्या वावरात राबायचे आणि पुढच्या पाडव्याला हिशेब करून मोकळे व्हायचे. मालकाची मर्जी असली तर आणखी एक साल, नाही तर दुसरे दार. ह्या जिण्यातून सुटण्याचा एक रस्ता आमच्या गावखेड्यांतील पोरांना ठाऊक होता, तो म्हणजे सैन्याची भरती. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरे आजही गावोगाव दिसतात. परंतु आता तो रस्ताही चार सालांवर येऊन संपतो आहे.

21 ऑक्टोबर 2023 रोजी, अशोक विजयादशमीला तीन दिवस उरले असताना, सियाचीनच्या बर्फात अक्षय लक्ष्मण गवते हा तरुण कर्तव्यावर मृत्यू पावला. तो आमच्या जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा. सीमेवर कर्तव्य बजावताना वीरमरण आलेला देशातील पहिला अग्निवीर अशी त्याची नोंद झाली. त्याच्या कुटुंबाला विम्याचे 48 लाख, सानुग्रह 44 लाख, उरलेल्या मुदतीचे वेतन, सेवानिधी आणि युद्धहानी निधीतून 8 लाख मिळतील, असे सैन्याने तेव्हा जाहीर केले. ही रक्कम थोडी नाही आणि आम्ही तिला थोडी म्हणतही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्याच बर्फात, त्याच चौकीवर नियमित जवानाला मरण आले, तर त्याच्या कुटुंबाला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. अग्निवीराच्या आईबापाला ते नाही. बर्फ भेद करत नाही, मग सरकारने तो का करावा?

पेन्शन ही काय चीज आहे, हे आंबेडकरी माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र आठवा. बाप सैनिक, सासरे सैनिक आणि स्वतःही सैनिक. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून ते शिक्षक झाले आणि पुढे 14 वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. ज्या काळात गावच्या शाळेत अस्पृश्याच्या पोराला दाराबाहेर बसवीत, त्या काळात लष्करात सैनिकांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे होते. 14 अपत्यांपैकी पाचच जगली. 1896 मध्ये भीमाबाई गेल्या. रामजींनी कबीरपंथी शिस्तीने घर सांभाळले. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत भीमराव लवकर झोपे, बाप रात्री दोनपर्यंत जागा राही आणि मग मुलाला अभ्यासाला उठवी. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसा नसला, तर सुभेदार विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत. आणि दागिना सुटे कधी? पेन्शन हाती आली म्हणजे!

बांधवांनो, ह्या एका गोष्टीवर थांबून विचार करा. रामजींना चार वर्षांनी गठ्ठा पैसे देऊन घरी पाठविले असते, तर तो दागिना कशाच्या भरवशावर गहाण पडला असता? 1913 च्या फेब्रुवारीत सुभेदार गेले आणि त्याच वर्षी त्यांचा भीमराव अमेरिकेस शिकावयास निघाला. विश्वरत्न घडविण्यात त्या महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पेन्शनचा वाटा आहे.

सरकारने सैनिकाला कामापुरता वापरून टाकून देणे आम्हांला नवे नाही. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात महारांचे रक्त चालले. 1892 च्या सुमारास त्याच महारांना भरतीची दारे बंद झाली. तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन रामजींनी सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये महारांची पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की शूर आणि गरज सरली की नकोसे, हा खेळ आम्ही तीनदा पाहिला आहे.

आता कायद्याचे बोलू. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के तरुण कायम होणार. बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी, ज्यात निम्मा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये योजना वैध ठरविली आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. निकालाचा आम्ही आदर करतो. परंतु वैध आणि न्याय्य हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. महारांची भरती बंद करणारा हुकूमही त्या काळी कायदेशीरच होता! ह्याच सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नकारा खटल्यात सांगितले आहे की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. न्यायालयाचा दरवाजा बंद झाला, तरी संसदेचा उघडा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाप्रमाणेच कुटुंब निवृत्तिवेतन द्या. मुदत संपवून परतणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा द्या. आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनो, केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. आपल्या विहारात गावातील आजी-माजी सैनिकांची, अग्निवीरांची आणि वीरपत्नींची यादी ठेवा. त्यांचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जा. महाडच्या संग्रामात बाबासाहेबांच्या पाठीशी निवृत्त सैनिक उभे राहिले होते. आज सैनिकाच्या पाठीशी उभे राहण्याची पाळी आपली आहे.

सालगड्याचा हिशेब पाडव्याला मिटतो. ज्याने देशासाठी देह ठेवला, त्याचा हिशेब असा मिटवता येत नाही. जयभीम!