फायबर घेतलं, आता लँडलाइनचं काय?

'फोनसाठी वेगळं भाडं पडेल' ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिच्यात फारसा अर्थ उरलेला नाही. जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्या बहुतेक फायबर प्लॅनमध्ये लँडलाइन आणि देशभरातले अमर्याद कॉल धरलेलेच असतात. फोनचं यंत्र तेवढं आपण आणायचं. जोडणीला आलेला माणूस बऱ्याचदा वायफायचा वेग दाखवून निघू लागतो. त्याला थांबवून 'फोन नंबरही चालू करून द्या' म्हणावं लागतं. परदेशी कॉलचे पैसे वेगळे. जाहिरातीत ३९९ रुपये दिसले, तर १८ टक्के जीएसटी धरून बिल ४७१ च्या आसपास येतं. तुलना करायची ती या रकमेची.

जुना फोन भंगारात काढायचीही घाई नको. मोडेमच्या मागे नेटच्या केबलच्या खाचांशेजारी एक छोटी, अरुंद खाच असते. बटणांचा साधा किंवा कॉर्डलेस फोन तिथं जोडला की डायलटोन येतो. तबकडीचा फोन मात्र बहुधा चालत नाही. सोसायटीचा इंटरकॉमही यावर आपोआप येत नाही, त्याची तार निराळी.

'वीज गेली तरी लँडलाइन चालते.' खरी गोम इथं आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून वीज मिळायची, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरच्या काचतंतूतून येतो तो प्रकाश, वीज नाही. मोडेम बंद पडला की फोन मुका. घरी इन्व्हर्टर असेल तर मोडेम त्याच्या पॉइंटवर घ्यावा. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. पण आधी मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून. बहुतेक मोडेम १२ व्होल्टचे असतात. घरात वयस्कर माणसं एकटी राहत असतील, तर माझ्या मते हा खर्च टाळू नये.

'फायबरवरून मोबाइल लागतच नाही,' अशीही तक्रार असते. १५ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं, इतकंच.

उरला नंबर. कंपनी बदलून तोच नंबर ठेवण्याची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. बीएसएनएलची जुनी लाइन त्यांच्याच फायबरवर नेताना तोच नंबर मिळू शकतो, पण तशी मागणी अर्जातच करावी. दुसरीकडे गेलात तर नंबर नवा. तेव्हा जुनी लाइन बंद करण्याआधी बँक, गॅस एजन्सी आणि नातेवाइकांना नवा नंबर कळवा. आणि बंद करण्याच्या अर्जात डिपॉझिट परत मागायला विसरू नका.